मधल्या सीटवरचा दुपट्टा

विमानातली सीट किती रुंद असते हे मला विमान जवळून बघायच्या आधीच ठाऊक झालं होतं. दीड फूट, तीही जेमतेम. मोबाईलवर वाचलं आणि त्याच दुपारी, घरात कोणी नसताना, कपाट आणि ज्वारीची कोठी यांच्या मधे दीड फूट जागा सोडून मी बसून पाहिलं. बसले कसली, अडकले! सुटायच्या धडपडीत अर्धी भरलेली कोठी आडवी झाली. घरभर सांडलेली ज्वारी गोळा करताना जी भीती पोटात शिरली, ती पुढे चार महिने तिथंच होती.

मी अंगानं आडवी आणि तोंडानं फाटकी बाई आहे. खामगावात तीस वर्षं शाळेत शिकवलं. व्हरांड्यातून माझा आवाज आला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप व्हायची. जाड म्हणा, लठ्ठ म्हणा, मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. साफ खोटं. मरणाचं वाटतं.

धामणगाव बढ्याला एका लग्नात मांडवातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. जेवायला उठले तर खुर्ची माझ्यासोबत उठली. अख्खा मांडव हसला, नवरदेवासकट. हसली नाही ती एकटी माझी मोठी बहीण. ती पंगतीतून वाढतावाढता धावत आली, खुर्ची ओढून काढली आणि मंडपवाल्याच्या पायाशी आदळली. "लेकरायच्या खुर्च्या कायले आनल्या बे? मोठे मानसं नाही येत काय लग्नाले?" मग माझ्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून जेवायला बसली, वरून म्हणते कशी, "जेव आता, तोंड नको पाडू."

तीच ताई बंगळूरला लेकाकडे आजारी पडली. पोटात गाठ निघाली. रेल्वेचा दीड-दोन दिवसांचा प्रवास माझ्या गुडघ्यांना झेपण्यातला नव्हता, राहिलं विमान. आणि विमान म्हटलं की मला ती ज्वारी दिसायची.

"कधी येऊन राह्यली?" ताई फोनवर विचारायची. मी सांगायचे, सोयाबीन काढायचं आहे. मग गुडघा सुजला आहे. मग यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ऑपरेशन खरं होतं, बाकीचं मी रचलेलं. ताईनं एकदाही टोकलं नाही. "बरं, येशील तवा ये. तुह्यावाली जागा करून ठेवली हाये म्या," एवढंच म्हणायची. तिचा आवाज दर फोनला बारीक होत गेला. मला ते ऐकू येत होतं, आणि तरी मी पुढची सबब शोधत होते. किती नालायक असावं माणसानं!

शेवटी भाच्याचा फोन आला. "मावशी, आईला भेटायचं असेल तर आता निघ. डॉक्टर दोन दिवसांच्या पुढचं काही बोलत नाहीत."

यांना मग सगळं सांगितलं, कोठीसकट. हे हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. डोळ्याला काळा चष्मा लावून तिकीटवाल्याकडे गेले आणि नागपूर-बंगळूरच्या दोन सीटा घेऊन आले, शेजारीशेजारी. एक माझ्या नावाची, दुसरी त्यांच्या. तिकीटवाल्यानं नावं विचारली, यांनी दोन नावं दिली. घरी यायच्या आतच बोर्डिंग पासही छापून हातात.

"पन तुम्ही तं येऊन नाही राह्यले," मी म्हटलं.

"मी येतो काय, न येतो काय! पैसे भरले म्हनजे सीट आपली. एसटीत नुसता रुमाल टाकला तरी कोनाच्या बापाची बसाची हिंमत होत नाही. इथं तं पक्कं तिकीट हाये." आणि गळ्यातला दुपट्टा काढून माझ्या पिशवीत कोंबला. "हा टाकजो मधल्या सीटवर. कोनी इचारलं तं सांगजो, मालक येऊन राह्यले."

आम्हा दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. उभा जन्म आम्ही खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली.

भाड्याच्या गाडीनं सकाळी नागपूरला पोचले. सामान द्यायच्या काउंटरवरच्या मुलीनं दोन पास बघितले, मग माझ्या मागे बघितलं. "दुसरे पॅसेंजर?"

खरं तेवढंच सांगायचं होतं. बाई, दुसरं कोणी नाही, दोन्ही जागा माझ्याच, मी एका सीटवर मावत नाही. पण मागे कॉलेजची पोरं उभी होती, एकसारखे टी-शर्ट घातलेली, खिदळणारी. जिनं तीस वर्षं वर्ग दणाणून सोडला, तिनं पिशवी पोटाशी धरली. मी म्हटलं, "येताहेत मागून."

मुलगी म्हणाली, "लवकर यायला सांगा हं."

आत जाऊन विमानाकडे जायच्या दारापाशी बसले. खुर्च्यांना हात होते म्हणून कडेच्या बाकावर. मग स्पीकरवर यांचं नाव आलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, परक्या उच्चारात. काळा चष्मा लावून माझा नवरा तिकडे ओसरीवर बसला होता आणि इथे त्याला हाका मारणं चालू होतं. दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा सांगितलं, ही शेवटची सूचना. उठावं, दारावरच्या टेबलापाशी जावं, बोलावं, दहा पावलं तर होती. काहीतरी हातातून निसटतंय हे कळत होतं आणि मी तिथंच गप्प बसून राहिले.

विमानात खिडकीशी बसले, दोन सीटांमधला हात वर केला आणि मधल्या सीटवर दुपट्टा अंथरला. जिवात जीव आला. ताईशी काय बोलायचं ते ठरवायला लागले. तेवढ्यात एक तरुण आला, हातातली चिठ्ठी बघितली, दुपट्टा बघितला. "ये मेरी सीट है, आंटी."

"मालक येऊन राह्यले," मी म्हटलं. तोंडातून तेच निघालं.

हवाईसुंदरी आली. सोबतचे आले नाहीत, म्हणून ती सीट वेटिंगवाल्याला दिली, विमान भरलंय, असं तिनं गोड आवाजात समजावलं. तेव्हा मी खरं सांगितलं. सगळं सांगितलं, रडत, सगळ्यांसमोर, त्या टी-शर्टवाल्या पोरांसमोर. पण दार लागायची वेळ झाली होती. मधला हात खाली येत नव्हता, आणि तो आल्याशिवाय विमान हलणार नव्हतं. ती म्हणाली, "हे काउंटरवर सांगितलं असतं ना मॅडम, तर सीट ठेवता आली असती." तिनं दुपट्टा नीट घडी करून माझ्या हातात दिला. मलाच उतरावं लागलं. उतरताना माझ्याकडे कोणी हसून बघत नव्हतं. हसले असते तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशीच्या विमानात त्यांनी मला दोन सीटा दिल्या, दोन्ही माझ्या नावावर. काही अडचण आली नाही. ते पहिलं विमान आदल्या दिवशी दीडला बंगळूरला उतरलं होतं. ताई त्याच दिवशी संध्याकाळी पाचला गेली.

हे खामगावला त्या तिकीटवाल्याशी कडाकडा भांडून आले. त्याचीच चूक, असं अजून म्हणतात. काउंटरवर मी काय बोलले ते त्यांना माहीत नाही. मी त्यांना भांडू दिलं.

मी पोचले तेव्हा ताईला नेऊन झालं होतं. भाचा मला तिच्या खोलीत घेऊन गेला. पलंगाच्या उशाशी एक खुर्ची होती. सागवानी, रुंद, बिनहातांची.

"चार महिन्यांपूर्वी सुताराकडून करून घेतली आईनं," तो म्हणाला. "त्याला हातानं माप दाखवत होती. माझी बहीण लाजते, म्हणाली, सांगणार नाही, पण त्याच्याचपायी येऊन नाही राहिली. नर्सला सलाईनचा स्टँड ठेवायला ही जागा हवी होती, तर आईनं खुर्ची हलवू दिली नाही. परवा दुपारभर तिच्याकडेच बघत पडली होती."

मी बसले. खुर्ची अंगाला कुठंच लागली नाही.