पडद्यावरून गेलेले मिठागर आणि निर्मलाताई

डॉ. निर्मला तांबे यांची आणि माझी ओळख झाली ती एका आभारप्रदर्शनात. त्यांच्या विभागातील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांपुढे मी समकालीन कलेवर तासभर बोललो होतो. सभागृह तापले होते, टाळ्याही भरपूर पडल्या होत्या. आभार मानायला उठलेल्या ताईंनी पुष्पगुच्छ माझ्या हाती ठेवला आणि म्हणाल्या, “सर, कलेविषयी खूप ऐकलं. आता एक चित्र सांगा. अलीकडे पाहिलेलं, कोणतंही.”

मी मागे हटणारा नाही. कामोठ्याच्या नाक्यावरचा वाढदिवसाचा फलक मी तिथेच शब्दांत उभा केला. मधोमध गॉगल लावलेले भाऊ, त्यांच्या मागे वाघ, भोवती शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची माळ. मुले खळखळून हसली. ताई हसल्या नाहीत.

“आणि फलकाखाली कोण होतं?”

“भाजीवाल्या एक बाई. फलकाच्या सावलीत बसल्या होत्या.”

“हां. आता चित्र पुरं झालं.”

त्या दिवसापासून आमचा स्नेह आहे आणि वादही आहेत. ताई आता साठी पूर्ण करत आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी लिहा असे त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितले, तेव्हा मला एकाच गोष्टीविषयी लिहायचे होते. ती मी पहिल्यापासून पाहिली आहे आणि तिचा मला आजही अभिमान वाटतो.

पण आधी त्यांच्या कामाविषयी. नवी मुंबईत कला कुठे आहे, असे विचारणारे विद्वान मी पुष्कळ पाहिले. खाडीपलीकडच्या दालनात टांगलेली, शेजारी इंग्रजी पाटी असलेली वस्तू म्हणजे कला, एवढेच त्यांना ठाऊक. ताईंच्या विद्यार्थ्यांनी मात्र फलक रचणाऱ्या पोरांवर, हळदीच्या गाण्यांच्या व्हिडिओंवर, जयंतीच्या आदल्या दिवशी फोनफोनवर पोचणाऱ्या निळ्या चित्रांवर प्रबंध लिहिले. “हा काय पीएच.डी.चा विषय झाला?” असे एका बैठकीत कोणी कुत्सितपणे विचारले. ताई शांतपणे म्हणाल्या, “माणसं डोळे उघडल्यापासून जे पाहतात तो विषय नाही, तर कुठला?” वडिलांचे बोट धरून कोकणातल्या बौद्धवाडीतून या शहरात आलेली ही बाई. कोणाचे पाहणे मोजायचे आणि कोणाचे नाही, हे कसे ठरवले जाते, ते त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्यांची शिकवण्याची रीत वेगळी आहे. नव्या विद्यार्थ्याने पहिले कित्येक महिने त्यांच्या खोलीत लॅपटॉप उघडायचा नाही. पडद्यावरचे चित्र असो की चलचित्र, ते बोलून सांगायचे आणि ते कोण, कसे पाहत होते तेही सांगायचे. “दाखवू नका, सांगा.” मुले आपसांत म्हणतात, “मॅडमकडे जायचं तर चार्जर नको, घसा पाहिजे.” मीही त्यांना टोमणा मारत असे, “ताई, डिजिटल संस्कृतीचा अभ्यास तुम्ही आकाशवाणीच्या पद्धतीने घेता.” या रीतीचे मोल काय, हे अश्विनीच्या वेळी कळले.

अश्विनीचे आईवडील मराठवाड्यातून येऊन कामोठ्यात स्थिरावले. शिकणारी घरातली ती पहिली. तिने विषय घेतला तो हेमंत या तरुण कलावंताच्या कामाचा. हेमंत उरणकडचा, मिठागरात राबलेल्या घरातला, दिवसा कंटेनर यार्डात नोकरी करणारा. त्याने फोनसाठी एक कलाकृती रचली होती. द्रोणागिरीच्या गोदामांमागच्या रस्त्यावर उभे राहून फोनचा कॅमेरा समोर धरला, की पडद्यावर डांबराच्या जागी मिठागर दिसे. पाणी, बांध, मिठाच्या राशी आणि त्यांत वावरणारी माणसे. जिथे जे होते, तिथेच ते दिसे.

अश्विनीचा प्रबंध पुरा होत आला असताना, ज्या परदेशी कंपनीच्या अॅपवर हे चाले, तिने ती सोय बंद केली. मिठागर पडद्यावरूनही गेले. आधी जमीन गेली, मग जमिनीची आठवणही कोणा दूरच्या मालकाने एका सूचनेनिशी पुसली. मला विचाराल तर हा साधा तांत्रिक बदल नव्हे. आपल्या स्मृतीची किल्ली आपण कोणाच्या खिशात ठेवली आहे, हा आजचा सर्वांत मोठा राजकीय प्रश्न आहे, आणि तो अश्विनीच्या दारात येऊन उभा होता.

संशोधन समितीचे म्हणणे सरळ होते. फोनवर टिपलेल्या काही चित्रफिती उरल्या आहेत, पण त्या जागी उभे राहून पाहण्याचा अनुभव परीक्षकांना घेता येणार नाही. मग तपासायचे काय? विषय बदला. म्हणजे चार वर्षे पाण्यात! समितीतल्या एका हितचिंतकाने ताईंना समजावले, “निवृत्तीला आलात मॅडम, कशाला वाद ओढवून घेता?”

“निवृत्तीला आलेय, मेले नाही अजून,” ताई म्हणाल्या आणि प्रबंध आहे त्या विषयावरच सादर होईल, असे स्वतःच्या जबाबदारीवर लिहून दिले.

इकडे अश्विनीने विद्यापीठात येणे सोडले, फोनही बंद ठेवला. ताई तिच्या घरी गेल्या. मी सोबत होतो. तिच्या आईंनी पाण्याचे तांबे पुढे केले आणि थेट विचारले, “म्याडम, चार वर्सं झाली. आता फोनमदलंच गेलं म्हनत्यात. मंग आमची पोरगी शिकली काय?”

“तेच तिच्या तोंडून ऐकायला आलेय, अक्का.”

प्रबंधाचा शब्दही त्यांनी काढला नाही. जेवल्या, शेंगदाण्याच्या चटणीची कृती विचारून घेतली, आणि निघताना दारात अश्विनीच्या खांद्यावर हात ठेवला. “उद्या अकराला ये. रिकाम्या हाताने.”

पुढचे काही महिने ती मुलगी त्या खोलीत बसून मिठागर सांगत राहिली. ताई अडवत, खोदत, परत सांगायला लावत. रागावतही. एकदा अश्विनी वैतागून म्हणाली, “मॅडम, तुम्हाला पाठ झालं असेल आता!” ताई म्हणाल्या, “मला झालंय गं. तुझं अजून कच्चं आहे.”

मौखिक परीक्षा खुली होती, म्हणून अश्विनीच्या आई, हेमंत आणि आम्ही बरेच जण मागे बसलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक कडक, पण सरळ गृहस्थ होते. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “जी कलाकृती आज नाही, तिच्यावरचा तुमचा दावा मी कशाच्या आधारे मान्य करू?”

मार्गदर्शकाने अशा वेळी मध्ये बोलायचे नसते. ताईंनी हात मांडीवर ठेवले होते.

अश्विनीने प्रोजेक्टर बंद करण्याची परवानगी मागितली आणि बोलू लागली. पाणी आधी मातकट दिसते, मग कडेने पांढरे होत जाते. मीठ ओढणाऱ्या बायांच्या अंगातून खराखुरा ट्रेलर जातो, त्या पुसल्या जातात आणि तो गेल्यावर परत वाकलेल्या दिसतात. एक ट्रेलरवाला उतरून पाहायला आला. फोन डोळ्यांपुढे धरून तो चालू लागला, आणि सपाट डांबरावर, जिथे पडद्यात बांध होता तिथे, त्याने तो ओलांडायला पाय उंच उचलून पुढे टाकला.

“माझा प्रबंध त्या पावलावर आहे, सर,” ती म्हणाली. “कलाकृती फोनमध्ये होती. पण जे घडलं ते त्या माणसाच्या पायात घडलं. ते बंद करण्याची सोय कुठल्याच कंपनीकडे नाही.”

परीक्षक पुढे झुकले. “त्याने खरंच पाय उचलला?”

मागून हेमंतचा आवाज आला, “ओ सर, तो जाऊद्या. मी सोता बनवलंय, तरी मीपन उचलतो!”

सभागृह हसले. परीक्षकही हसले, पण त्यांनी प्रश्न थांबवले नाहीत. पुरा तासभर त्यांनी तिला घासून घेतले. शेवटी उठून तिच्यापाशी गेले आणि हात पुढे करून म्हणाले, “डॉक्टर अश्विनी, मी आता द्रोणागिरीवरूनच परत जातो. तो रस्ता पाहायचा आहे मला.”

अश्विनीच्या आईंना परीक्षेतली जड प्रश्नोत्तरे कळली नव्हती, पण एवढे साधे वाक्य कळले. त्या ताईंकडे आल्या आणि म्हणाल्या, “शिकली म्याडम. लई शिकली.” ताईंनी अक्कांचा हात धरून ठेवला.

ताई, विद्यापीठ तुम्हाला निवृत्त करील, तो त्याचा नियम आहे. पण उद्या आणखी कोणा पोराचे गाव, गाणे, चित्र एका सूचनेनिशी पुसले जाईल आणि शहाणी माणसे त्याला विषय बदलायला सांगतील. तेव्हा त्याच्या घरी जाऊन जेवणारे, त्याच्या शब्दांवर स्वतःची सही पणाला लावणारे कोणीतरी हवे. त्यासाठी तुमचे डोळे, कान आणि गुडघे शाबूत राहोत. तुम्हाला निरोगी, दीर्घ आणि पुरेसे भांडखोर आयुष्य लाभो. ही इच्छा एकट्या माझी नाही. तुमच्या खोलीबाहेर घसा साफ करत उभ्या असलेल्या सगळ्यांची आहे.