हळूकाका

आमच्या पार्सिपनीच्या कॉम्प्लेक्समधल्या मुलांना बरीच वर्षं वाटायचं, की 'हळू' हे काकांचं नावच आहे. कुणी गाडी मागे घेत असो, जिना उतरत असो की उकळता चहा ओतत असो, काका दोन्ही हात पुढे धरून म्हणायचे, "हळू, हळू!" समोरचं काम सुखरूप पार पडलं की मगच ते हात खाली यायचे. मुलांनी त्यांचं 'हळूकाका' करून टाकलं आणि पुढे आम्ही मोठेही तसंच म्हणायला लागलो.

भीती लपवायची असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दातांच्या डॉक्टरला, विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते सरळ सांगून टाकत, "मला भीती वाटतेय हं." काकू गेल्यावर ही भीती एका जागी गोळा झाली. त्यांची एकुलती एक मुलगी ऋचा व्हरमाँटमध्ये स्की पेट्रोलवर, म्हणजे बर्फाच्या डोंगरावरच्या बचाव पथकात होती. डोंगरावर कुणी पडून जखमी झालं, की त्याला स्लेजवर, बर्फावरून ओढायच्या घसरगाडीवर, घालून खाली आणायचं हे तिचं काम. हिवाळाभर काका फोनवर तिथलं हवामान बघत बसत. तिने फोन उचलला नाही, की माझ्या दाराची बेल वाजे.

एका डिसेंबरात ते असेच दारात उभे राहिले. "वृंदा, मी स्कीबोर्डिंग शिकणार आहे. ऋचा रोज कुठे जाते, ते मला एकदा वर जाऊन बघायचंय. तू पण चल. एकट्याने जायला धीर होत नाही."

धीर मला तरी कुठे होता? वय चव्वेचाळीस, वर्क व्हिसावरची नोकरी. पाय मोडून घरी बसावं लागलं तर काय, हा विचार पाठ सोडत नव्हता. पण दर हिवाळ्यात बाकीचे स्कीला गेले की पायथ्याच्या लॉजमध्ये बसून इतरांची जॅकेटं सांभाळायचाही कंटाळा आला होता. मी हो म्हटलं.

स्कीबोर्ड म्हणजे दोन्ही पायांना एकेक आखूड स्की, आणि हातात काठ्या नाहीत. "म्हणजे धरायला काहीच नाही?" काकांनी सामान भाड्याने देणाऱ्या मुलीला विचारलं. मग पडल्यावर बूट फळीतून सुटतो का, नाही सुटला तर गुडघ्याचं काय होतं, हेही विचारलं. एवढं होऊन त्यांनी माझ्या वतीने तेच प्रश्न पुन्हा विचारले. ती बिचारी हसून परत सांगत राहिली.

जवळच्या टेकडीवर आमचे शनिवार जाऊ लागले. फळ्या आखूड, त्यामुळे जरा मागे रेललं की पाठीवर, जरा पुढे झुकलं की तोंडावर. रात्रभर अंग ठणकायचं. डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टपाशी आलो की काका चालकाला मोठ्याने सांगत, "आय ॲम अफ्रेड. प्लीज, स्लो!" तो लिफ्टचा वेग कमी करी आणि मीही मुकाट्याने त्यांच्या शेजारी बसून घेई.

फेब्रुवारीत आम्ही ऋचाच्या डोंगरावर गेलो. खाली लख्ख ऊन होतं. वर पोचलो आणि ढग उतरला. समोरचे काका दिसेनात, आपले पाय दिसेनात. चढ कुठे, उतार कुठे, कळेना. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मी पडले आणि गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं. उठता येईना. वरून लोक भरधाव येत होते आणि मी वाटेच्या मधोमध आडवी.

काका धडपडत माझ्यापर्यंत आले. स्वतःच्या फळ्या काढून त्यांनी माझ्या वरच्या बाजूला बर्फात इशारा म्हणून फुलीसारख्या रोवल्या आणि त्यांच्याही पुढे जाऊन उभे राहिले. ढगातून एकेक आकृती अंगावर येत होती आणि हा माणूस दोन्ही हात पसरून मराठीत ओरडत होता, "हळू! हळू!" लोक वळून बाजूने जात होते. त्यांच्यातल्याच कुणीतरी स्की पेट्रोलला फोन केला.

स्लेज घेऊन ऋचाच आली. "बाबा, बाजूला हो," एवढंच ती म्हणाली आणि माझ्यापाशी गुडघ्यांवर बसली. "वृंदामावशी, डोन्ट मूव्ह. कुठे दुखतंय, बोटाने दाखव." तिचे हात भराभर चालत होते. मला बांधून झाल्यावर तिने मान वर केली. "बाबा, आर यू ओके?"

"मी बघतोय," तिच्या हातांवरची नजर न काढता काका म्हणाले.

"दुसरा पेट्रोलर येतोय. त्याच्याबरोबर ये, ओके?"

स्लेजचे दांडे धरून ती ढगात उतरली. मागे काका क्षणभर दिसले, मग दिसेनासे झाले.

खालच्या प्रथमोपचाराच्या खोलीत ते बऱ्याच वेळाने आले, कमरेपर्यंत बर्फाने माखलेले. मला वाटलं, आता मुलीला नोकरी सोडायला सांगणार. ते तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वर फार वारा आहे गं. टोपीच्या आत कान बांधत जा." ऋचाने मान डोलावली. मला गाडी चालवता येणार नव्हती, म्हणून पार्सिपनीपर्यंत काकांनी चालवली. सारे दिवे लुकलुकत ठेवून, मागे गाड्यांची रांग घेऊन.

पुढच्या वर्षी घर विकून ते ऋचाच्या गावी राहायला गेले. गेल्या शरदात, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. जानेवारीत मी ऋचाला भेटायला गेले. "वर जाऊया?" तिने विचारलं. तिची सुट्टी होती. माझा गुडघा बरा झाला होता, पण मन तयार नव्हतं. तरी गेले.

वर स्वच्छ ऊन होतं. दरी तळापर्यंत दिसत होती आणि त्यामुळेच जास्त भीती वाटत होती. ऋचाने बूट आवळले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, मला इथे रोज भीती वाटते. एव्हरी सिंगल मॉर्निंग. बाबाला कधी सांगितलं नाही. ही वुडन्ट हॅव स्लेप्ट."

मी तिचा हात धरला.

"तू आधी," ती म्हणाली. "मी मागेच आहे."

मी निघाले.