धवले आणि माझा हुंकार

प्रकल्पाची कॅसेट न ऐकताच मी तिचं स्वमूल्यमापन लिहून मोकळा झालो. दहापैकी नऊ दिले. एक गुण विनय म्हणून कापला.

वाशीच्या आमच्या ध्वनिमुद्रणाच्या कोर्सची पद्धतच तशी होती. आपलं काम आधी आपणच तपासायचं, मग ते वर्गात वाजणार. त्यात नापास झालं की सर्टिफिकेट नाही. माझा विषय होता बेलापूर गावातली एक धवलारीण. आगरी लग्नांत धवले गाणारी ही आजी माझ्यासाठी पडवीत बसून गायली, मधेमधे बोलली. माईक माझ्या हातात. हेडफोन लावला नव्हता, कारण त्याने भांग मोडायचा. त्यात आम्ही साताऱ्याकडचे. मोठं माणूस काही सांगत असताना हुंकार दिला नाही तर आमच्याकडे पाठीत धपाटा बसायचा. म्हणून दिला. मन लावून दिला.

वर्गात सरांनी बटण दाबलं. आजीची एक ओळ, की माझं 'हंऽऽ'. ओलं, घशातल्या कफातून वर आलेलं. मधे आजीच्या सुनेने चहा आणला होता, तो भुरकताना मी ऐकू आलो. बिस्किटाचा चपचपाट आला. मग जिभेने दातातला लगदा काढल्याचा चिकट आवाज. आजीने वरचा सूर धरला आणि नेमकी तिथे मी ढेकर दिली, वर 'वा' म्हणालो. हा इसम पंगतीत शेजारी आला असता तर मी ताट उचलून दुसरीकडे गेलो असतो.

सरांनी माझा कागद वाचला. "'निवेदकाचा अडथळा नाही.' हे कोणी लिहिलं?"

"मी, सर."

"आणि ही म्हैस?"

"तीपण मीच, सर."

"मार्क म्हशीने दिलेत का?" सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "त्या आजींकडे परत जा. गायल्या तर ठीक, नाहीतर तू नापास."

दुसऱ्या दिवशी गेलो. आजी म्हणाली, "पयला मागचा ऐकव." मला नाही म्हणता येईना. ती डोळे मिटून ऐकत होती. ढेकर आली तशी तिने पदराने गाल पुसला, जणू माझीच थुंकी उडाली होती. मी मशीन बंद केलं.

"आजी, परत गाल का?" मी विचारलं.

"गाईन. पन तू तोंड घरा ठेवून ये."