डाव्या कानाची मेंढी

विजयमालाबाईंच्या नजरेतून चूक सुटत नाही, अशी सात रस्त्याजवळच्या त्या गणवेशाच्या कारखान्यात त्यांची ख्याती होती. एकवीस वर्षं त्या तिथं कटिंग आणि तपासणी बघत होत्या. एकदा कुठल्याशा शाळेच्या खिशावरच्या बिल्ल्यात समईची ज्योत भलतीकडेच झुकलेली आली, तर बाईंनी चारशे खिसे परत पाठवले. मालक मल्लिकार्जुनअण्णांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, ज्योत कुठंही झुकू दे, पोरं शाळेतच जाणार ना?" बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खिसे परत गेले ते गेलेच. अशा बाईच्या हातून हे व्हावं, याचंच राहून राहून वाईट वाटतं.

दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बाई मालाच्या खोलीत जाऊन दार लावून घेत. चारी बाजूंना खाकी आणि चौकड्यांच्या कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले. कापडामुळे आवाज घुमत नाही, बाहेरच्या मशिनी ऐकू येत नाहीत. तिथं एका ताग्यावर बसून, मोबाईल तोंडापुढे धरून बाई म्हणत, "माळावरची खबर ऐका मंडळी." मग कुठं पाऊस झाला, कुठल्या तळ्यात पाणी आहे, कुठल्या शिवारात खतासाठी मेंढरं बसवून घ्यायला शेतकरी तयार आहेत, कुठं रोग आलाय, कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, असं वीस मिनिटं सांगत. मेंढरं घेऊन आठ-आठ महिने घराबाहेर असणारी माणसं ते ऐकत. दहा वर्षांत खबरीचा एक बुधवार चुकला नव्हता.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून झाली. गुंडाबा मंगळवेढ्याकडचे धनगर. पायांनी दगा दिला तेव्हा लेकीनं त्यांना सोलापुरात आणलं. दोन खोल्यांच्या घरात म्हातारा कोंडल्यासारखा झाला. दिवसभर ओळखीच्या मेंढक्यांचे फोन यायचे, "गुंडाबा, कुटं वळू?" आणि म्हातारा खाटेवरून सगळा जिल्हा सांगायचा. बाईंनी एके दिवशी ते बोलणं मोबाईलवर धरलं आणि सगळ्यांना पाठवलं. पुढं कुणीतरी ते पॉडकास्टच्या ॲपवर चढवून दिलं. पॉडकास्ट हा शब्द गुंडाबांच्या जिभेवर काही बसला नाही. ते खबरच म्हणायचे.

ॲपवर लावायला चित्र पाहिजे म्हटल्यावर ते गुंडाबांनीच काढलं. लेकीनं कारखान्यातून आणलेला निळ्या कापडाचा तुकडा मांडीवर घेतला आणि शिंप्याच्या पांढऱ्या खडूनं एक मेंढी रेखली. डावीकडे तोंड केलेली, आणि दिसणाऱ्या डाव्या कानाला त्रिकोणी खाच. ती त्यांच्या घरची खूण. प्रत्येक घराच्या मेंढरांच्या कानाला अशी वेगळी खूण असते, दोन कळप एकमेकांत मिसळले तर कान बघून वेगळे काढायचे. त्या तुकड्याचा फोटो हेच खबरीचं चित्र झालं.

गुंडाबांना आकडे येत नव्हते असं नाही, पण मेंढरं त्यांनी कधी मोजली नाहीत. संध्याकाळी, मेंढरं कोंडायच्या जाळ्याच्या तोंडाशी उभे राहायचे, आत शिरणाऱ्या एकेकीकडे बघायचे आणि म्हणायचे, "भुरी आली न्हाय. लंगडीचं कोकरू आलं न्हाय." लहानपणी विजयमालाला ही जादू वाटायची. सहा वर्षांपूर्वी गुंडाबा गेले आणि खबर लेकीच्या आवाजात सुरू राहिली.

पाचशेवा भाग जवळ आला, तेव्हा उत्कर्षानं विषय काढला. उत्कर्षा कारखान्यासाठी शाळांचे बिल्ले कॉम्प्युटरवर काढून द्यायची. पोरगी गुणी, कामाला चोख. "काकू, तुमचं चित्र फार धूसर दिसतं. मोबाईलवर तर नुसता पांढरा डाग. मी नवा लोगो करून देऊ? आजोबांची मेंढी तशीच ठेवते."

तिनं शब्द पाळला. आठ दिवसांनी दाखवलेल्या चित्रात निळा रंग तोच, खडूची रेघ तशीच, कानाची खाचसुद्धा ठेवलेली. फक्त डावीकडे बघणारी मेंढी मागं चालल्यासारखी वाटते म्हणून तिनं तिचं तोंड उजवीकडे केलं होतं. बाईंनी अक्षरं तीनदा तपासली. निळा रंग कापडाच्या तुकड्याशी लावून पाहिला. वडिलांच्या हातची रेघ इतकी स्वच्छ झालेली बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी त्यांनी होकार दिला. ज्योतीची दिशा बघणाऱ्या बाईंनी मेंढीची दिशा बघितली नाही.

दिवाळीत नवं चित्र लागलं. ऐकणारे दुप्पट झाले. पुण्यामुंबईची मुलं ऐकू लागली, कौतुकाचे निरोप यायला लागले. बाईंना आनंद झाला, का होऊ नये? दर गुरुवारी त्या ॲप उघडून आकडा बघत आणि तो वाढलेलाच असे. माळावरच्या म्हाताऱ्यांचे "ऐकलं गं पोरी" असे बोललेले निरोप मात्र कमी झाले होते. बाईंना वाटलं, हंगामच चालण्याचा, कुठं रेंज मिळत असणार.

डिसेंबरात दुधनीकडच्या रुद्रप्पा नावाच्या शेतकऱ्यानं बाईंना फोन केला. तुरीवर कडक औषध मारलंय, वाऱ्यानं बांधावरचं गवतसुद्धा भिजलंय, पंधरा दिवस या बाजूला कुणी मेंढरं आणू नका म्हणून सांगा. भला माणूस. बाईंनी त्या बुधवारी ते सुरुवातीला सांगितलं आणि शेवटी पुन्हा सांगितलं.

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"आक्का, मी माउली बोलतोय, बजाबाईचा ल्योक. आमची मेंढरं गेली ओ. एकोणीस. तोंडाला फेस आला न् पडलीच."

"कुटं?" बाईंनी विचारलं.

"दुधनीपशी. रुद्रप्पाच्या बांधाला."

"आरं, मी सांगितलं हुतं की! गेल्या बुधवारी दोनदा सांगितलं!"

"कुटं सांगितलं?"

"खबरीत."

मग माउली म्हणाला, "तुमची खबर तर दिवाळीपास्नं बंद हाय की, आक्का."

त्या दिवशी बाईंनी एकवीस वर्षांत पहिल्यांदा न सांगता कारखाना सोडला. अक्कलकोटमार्गे दुधनीची एसटी धरली आणि दुपारी बजाबाईच्या तळावर पोचल्या. बजाबाई सत्तरीची, गुंडाबांच्या बरोबरीनं मेंढरं घेऊन चाललेली बाई. ती जाळ्याच्या कडेला बसली होती. आई गेलेली कोकरं ओरडत होती आणि माउली एकेकाला बाटलीनं दूध पाजत होता. बाईंना बघून बजाबाईनं कमरेचा मोबाईल काढला, ॲप उघडलं आणि पुढं धरला.

"हितं तुज्या बाची मेंढी असायची. मला वाचता येतंय व्हय? मी मेंढी बघून बोट लावायची. दिवाळीला बघती तर ती गेलेली न् ही आलेली."

"आत्ती, ही आपलीच हाय. नवी काढून घेतली."

"आपली? कान बघ की."

बाईंनी बघितलं. मेंढी उजवीकडे बघत होती, म्हणजे दिसत होता तो उजवा कान, आणि खाच त्या कानाला होती.

"उजवा कान कुणाचा गं?" बजाबाईनं विचारलं.

उत्तर विजयमालाला लहानपणापासून पाठ होतं. आजोबांनी मेंढरं वाटली तेव्हा गुंडाबांना डाव्या कानाची खूण मिळाली आणि त्यांच्या भावाला उजव्या. उजवा कान म्हणजे आता चुलतभाऊ भीमा. आठ वर्षांपूर्वी भीमाची आणि बजाबाईची मेंढरं एका ओढ्यावर मिसळली होती. भीमानं चार माणसांत तिला चोर म्हटलं होतं. तेव्हा बजाबाईनं देवाचा भंडारा उचलून शपथ घेतली होती, की मरेपर्यंत भीमाच्या मेंढराला हात लावणार नाही.

"पर आत्ती, ही तर मोबाईलमधली."

"मेंढरू ते मेंढरू. म्या भंडारा उचललाय."

"मी भीमाला खबर दिली आसं तुमाला वाटलं तरी कसं?"

"बा गेला. तुजंबी वय झालं. चुलतभाऊच हाय, दिली आसशील. घरातली गोष्ट, इचारायची कशी? म्या दुसऱ्यास्नीबी तसंच सांगितलं, खबर भीमाकडं गेली म्हणून."

दोन महिने वाढणारा तो आकडा बाईंच्या डोळ्यांसमोर आला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. आपल्या बापानं जे जन्मभर केलं नाही, ते आपण केलं. नुसतं मोजलं. कोण आलं नाही ते बघितलंच नाही.

बजाबाई उठली आणि पालातून एक गाठोडं घेऊन आली. दुसऱ्याची मेंढरं राखणाऱ्यांत एक रीत आहे. मेंढरू मेलं तर त्याचा खुणेचा कान कापून ठेवायचा आणि मालकाला दाखवायचा, म्हणजे विकून खाल्लं असं कुणी म्हणू नये. बजाबाईनं गाठ सोडली.

"सात दुसऱ्यांची हुती. त्यांस्नी दावायचे कान येगळे बांधलेत. हे बारा माजे. हे म्या कुणाला दावू? खबर तुजी हाय, म्हणून तुला दावते."

बाईंनी पदर पसरला. बजाबाईनं एकेक कान त्यात ठेवला आणि प्रत्येकाबरोबर नाव सांगितलं. बाराव्या नावापर्यंत तिचा आवाज कुठंही हलला नाही. विजयमालाचं मात्र रडू थांबेना.

"माजी चूक हाय, आत्ती."

"हाय," बजाबाई म्हणाली. "न्हाय म्हणून तुजं मन राखायला मला जमायचं न्हाय."

मग दोघींनी मिळून बाभळीखाली खड्डा काढला, कान पुरले, वर दगड ठेवला. निघताना बजाबाईनं चहा दिला. कोरा. दूध कोकरांना लागत होतं.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षाला सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली. "मी नुसती फिरवली हो, काकू."

"हो. आणि मी बघितली नाही. माझा बाप धनगर होता, तुझा नव्हता." एवढं बोलून बाईंनी निळ्या कापडाचा तो जुना तुकडा तिच्यापुढे ठेवला. "ह्याच्यावर कागद ठेवून गिरव. मागं चालल्यासारखी दिसली तरी चालेल."

बुधवारी सकाळीच मेंढी पुन्हा डावीकडे बघू लागली. सुट्टीत बाई ताग्यांमध्ये जाऊन बसल्या. पाऊसपाणी सांगण्याआधी त्यांनी काय घडलं ते सगळं सांगितलं. खबर भीमाकडे गेलेली नाही. चित्रातला कान चुकला आणि तो माझ्यामुळं चुकला. बजाआत्तींच्या कळपातली एकोणीस मेंढरं त्यात गेली. मग त्यांनी घरं आठवून एकेक नाव हाक मारावी तसं घेतलं. एकसष्ट नावं. आणि म्हणाल्या, "ऐकत आसाल तर 'हाय' एवढंच बोलून पाठवा. ज्याला ह्यो भाग ऐकू आलाय, त्यानं शेजारच्या तळावर जाऊन सांगा."

गुरुवारी तीन निरोप आले. शुक्रवारी मोबाईल टेबलावर सारखा थरथरत राहिला. कुणी धापा टाकत म्हणे हाय, कुणी शिवी देऊन म्हणे हाय, कुणाच्या आवाजामागं एसटीचा हॉर्न. शनिवारी एक निरोप आला, त्यात बराच वेळ नुसतं कोकरांचं ओरडणं होतं. शेवटी बजाबाईचा आवाज आला, "हाय." बाईंनी तो उभ्यानं ऐकला.

सोमवारी उत्कर्षा नव्या बिल्ल्यांचे नमुने घेऊन आली. टेबलाजवळ घुटमळली आणि हळूच म्हणाली, "काकू, किती जणांचं उत्तर आलं?"

बाई खाकी कापडावर खूण करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हाळसाबाई आली नाही," त्या म्हणाल्या. "सिद्धा आला नाही. अंबूचं घर आलं नाही."

खडू खाली ठेवून त्यांनी म्हाळसाबाईच्या लेकाचा नंबर लावला.