दोघींच्या मापाच्या गोधड्या

बोळिंजच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांनी ठरवलं, की थंडीच्या आधी जव्हारकडच्या एका वसतिगृहातल्या मुलींना हाताने शिवलेल्या गोधड्या द्यायच्या. ठरवलं त्यांनी, शिवायला बसली माझी आय. कारण हाताने गोधडी शिवता येणारी त्या सगळ्यांत ती एकटीच. बाकीच्यांनी साड्या आणून दिल्या, त्याही बहुतेक पॉलिस्टरच्या, सुईखालून निसटणाऱ्या. सुती कापडासाठी मला गिरीजला आयच्या जुन्या मैत्रिणीच्या वाडीत जावं लागलं. तिने आपली धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी पिशवीत भरली आणि म्हणाली, "बाय, उलगडून बग. फाटकं एक नाय."

मी बी.कॉम. आहे. खाडीकाठच्या आमच्या भातशेतीवाल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगायला मी लाजत नाही. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते. संध्याकाळी डोकं जड करून घरी यावं, तर लादीवर साड्यांचे थर पसरलेले, कापड सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर तांदळाचे-डाळीचे डबे, आणि मधोमध आय. डब्याला हात लावला की ती ओरडायची, "ठेव तो! सरकंल सगलं. आज भाजीच खा."

माप मी दिलं होतं. एका मुलीची एक खाट, तेवढीच गोधडी. टेप लावून दाखवलं, आयने मान हलवली, आणि शिवल्या आपल्या मापाने. म्हणजे थरांवर स्वतः आडवं व्हायचं, शेजारी आणखी एक बाई मावेल एवढी जागा सोडायची आणि तिथे खूण करायची. मी म्हटलंही, "आय, रुंद वाटते गं." तर म्हणाली, "धुतल्यावर आटते." एवढी कुठली गोधडी आटते? पण मला कामावरून आल्यावर वाद घालायचंही त्राण नव्हतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये गोधड्या उलगडल्या. सेक्रेटरींची बायको, आमच्या वहिनी, या वाटपाचं सगळं बघत होत्या. त्यांनी एक गोधडी हाताने मोजली.

"काकू, ही तर डबलबेडची झाली."

"मंग? पोरी एकेकट्या कशा झोपनार? दोघी-दोघी झोपतात."

"तिकडे प्रत्येकीला वेगळी खाट आहे. असं करू, मधून कापू. एकाच्या दोन होतील. फायदाच की!"

"तुज्या नवऱ्याला काप मधून," आय म्हणाली. "दोन होतील. मंग बग किती फायदा."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. वहिनीही हसल्या, पण कानापर्यंत लाल झाल्या. मला मात्र कळत होतं आय का चिडली ते. गोधडीचा धावदोरा कडेने सुरू होतो आणि गोल गोल फिरत आत जातो. मधून कात्री घातली की एकेक फेरा तुटतो. दोन धुण्यांत सगळे थर सुटे.

वहिनींनी आवाज खाली आणला. "काकू, काम सुंदर आहे हो. पण गोधड्या सगळ्यांना पुरणार नाहीत, म्हणून बाकीच्या मुलींना आपण विकतची ब्लँकेटं देतोय, लहान. काहींना एवढी मोठी मिळाली तर बाकीच्या रडतील. भांडतील."

यावर आयने गोधड्यांच्या घड्या घातल्या आणि मला म्हणाली, "उचल."

मला वाटलं, आता ती देणारच नाही. महिनोन्‌महिने बोटं सुजवून शिवलेलं घरातच पडून राहणार. लिफ्टमध्ये मी म्हटलं, "आपण दुसरीकडे देऊ." तिने ऐकलंच नाही. घरी येऊन ती लादीवर बसली, पहिली गोधडी मांडीवर घेतली आणि मधली गाठ शोधून दोरा उसवायला लागली.

"आय, कशाला?"

"पोर रडंल म्हनाली ना ती."

मग रोज तेच. ती उसवायची, मी जादा पट्टा कापायची, ती पुन्हा थर लावायची. जुन्या टाक्यांची भोकं कापडावर तशीच दिसायची. तिसऱ्या गोधडीला तिची बोटं वळेनाशी झाली, तेव्हा मी सुई घेतली. माझे टाके लांब आणि वाकडे. आय बघायची, ओठ दाबायची, एकदा न राहवून म्हणाली, "कॉलेजात ह्ये नाय शिकवलं का?" मी म्हटलं, "तू शिकवलं नाहीस. अभ्यास कर म्हणायचीस." शिवताना मला कसलाही आनंद वगैरे झाला नाही. मान दुखत होती, एवढंच आठवतं.

टेम्पोबरोबर जव्हारला मीच गेले. परत आले तेव्हा आय भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती.

"घेतल्या?"

"घेतल्या. लगेच खाटांवर टाकल्या."

"दोघी-दोघी झोपतात का गं त्या? खरं सांग."

खोटं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण आयच्या हाताखाली वाढलेल्या मला ते जमत नाही.

"नाही आय. एकेकटीच. मी होते तेव्हाच एक आडवी झाली, पाय पसरून."



"आमी तिघी बहिनी एका वाकलंत निजायचो," ती म्हणाली. "मधली मी. कूस बदलायची तर दोघींना उठवावं लागायचं."

मग तिने हात पुढे केले आणि बोटांना चोळायला खोबरेल मागितलं. मी उठले. तेल थिजलं होतं, गॅसवर जरा धरावं लागलं.