अक्षराला कापलेले गुण

“ह्याला किती कापाल, बाई?” पाटी पुढे करून तो रोज हेच विचारायचा. तेव्हा त्याचं वय सत्तावीस होतं आणि तो माझ्या पहिलीच्या वर्गात बसत होता.

हसू नका. मी तेव्हा राहुरीत शिक्षिका होते आणि तो आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा, मामलेदार कचेरीतला कारकून. शेतकऱ्याचा पोरगा, डोकं तल्लख, पण अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. दुष्काळी कामांवरच्या मजुरांची हजेरी घाईघाईने लिहून ते आणखीच बिघडलं होतं. साहेब व्हायचं म्हणून त्याने राज्याची मोठी परीक्षा दिली होती आणि ती थोडक्यात हुकली होती.

का हुकली, हे तिथे कुणी सांगत नाही. नुसती गुणांची बेरीज हाती येते. पण नियमांच्या पत्रकात त्याला एक ओळ सापडली: अक्षर लागत नसेल तर मिळालेल्या गुणांतून शंभराला पाचापर्यंत वजा होतील. झालं, त्याला चोर सापडला!

“वयाची अट हाय, बाई. ही शेवटची खेप,” तो म्हणाला. “तेवढं अक्षर सुधरा माझं.”

शाळा सकाळची, कचेरी उशिराची. मी चेष्टेत म्हटलं, ये मग वर्गात. दुसऱ्या दिवशी स्वारी हजर! मागच्या भिंतीला टेकून, गुडघे छातीशी घेऊन कित्ता गिरवायला लागला. पोरं आधी बावरली, मग शेफारली. शेजारी बसणारी किसनी तर त्याची पाटी ओढून घ्यायची आणि ‘ळ’ वाकडा झाला म्हणून थुंकी लावून पुसून टाकायची. हा निमूट पुन्हा काढायचा.

गुण कापायची त्याला सवयच जडली. आमच्याकडे चहा प्यायला की साखर कमी, दोन कापले. आमच्या यजमानांच्या गाण्याचे तर सगळेच कापले. यजमान पुढे कितीतरी दिवस त्याच्यासमोर गुणगुणले नाहीत, आणि खरं सांगू का, घरात जरा बरंच वाटलं.

हळूहळू अक्षर असं बसलं की बघत राहावं. मला केवढा अभिमान! परीक्षा तोंडावर आल्यावर एका रविवारी मी त्याला घड्याळ लावून जुना पेपर लिहायला बसवलं. वेळ संपली तेव्हा पानं देखणी होती, पण पाचांपैकी दोन प्रश्नांना हातच लागला नव्हता.

“अरे शहाण्या, वाईट अक्षराचे पाच जातील. न लिहिलेल्याचे सगळे जातील. कोऱ्या कागदाला गुण द्यायला परीक्षक काय तुझा मामा लागतो?”

त्याने पानं गोळा केली. मग म्हणाला, “पन बाई, आता वंगाळ लिव्हवतच न्हाई.”

मी नुसता चहा टाकला.

परीक्षा देऊन तो पुण्याहून परतला तेव्हा मी दारातच अडवलं. काय केलंस, सुंदर लिहिलंस की पुरं लिहिलंस? बॅग खाली ठेवून तो हसला.

“पहिलं पान तुमचं, बाई. बाकी समदी माझी.”

लेखी झाली, मग तोंडी झाली, आणि गडी पास झाला! अक्षराचे कापले की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पेढे घेऊन तो वर्गात आला आणि पहिला पेढा त्याने किसनीच्या हातावर ठेवला. नेमणूक लांब चांद्याकडे मिळाली होती. त्याच आठवड्यात त्याने खोली सोडली.

सोमवारी वर्ग भरला आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. किसनी सारखी दाराकडे बघत होती. शेवटी उठून माझ्यापाशी आली आणि मोठा पोरगा का आला नाही, म्हणून विचारायला लागली. तो पास झाला, म्हणून गेला, असं मी सांगितलं.

“पास झाल्यावर येत न्हाईत?”

“नाही गं.”

तिने थोडा विचार केला.

“मंग मी न्हाई व्हनार पास.”