रेडिएटरजवळचा गणपती

ज्या दिवशी कॅसिनो आमच्या गावाऐवजी मँचेस्टरला द्यायचं ठरलं, त्या दिवशी भावोजींनी पेढे वाटले. संध्याकाळी त्यांची मुलगी सई म्हणाली, "मग मी मँचेस्टरला जाणार."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याइतका भित्रा माणूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल. कोकणच्या किनाऱ्यावरही नसावा, आणि दोन्ही किनारे त्यांनी पाहिले होते, अर्थात लांबून. ते हाडांचे डॉक्टर. नोकरीची सगळी वर्षं मोडलेली हाडं जोडण्यात गेल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना कुणाच्या तरी हाडांच्या मुळावर उठलेली दिसे. फळ्यांच्या फटींतून खाली समुद्र दिसतो म्हणून ते समुद्रात गेलेल्या लाकडी पिअरवर कधी गेले नाहीत. सीगलच्या भीतीनं बागेत छत्री उघडून चहा पीत. न्यूमोनियाच्या भीतीनं त्यांच्या घरी जुलैतही भिंतीवरचे हीटिंगचे रेडिएटर तापलेले असत. वाळूवर पोरांना पाठीवर घेऊन फिरणारी गाढवं समोरून आली, की हा एवढा मोठा सर्जन रस्ता ओलांडून पलीकडे जाई आणि तिथून गाढवांना हात करी, संबंध बिघडू नयेत म्हणून.

असा माणूस परक्या मुलखात घर घेऊन, संसार मांडून राहिला कसा, हे कोडं मला पुष्कळ वर्षं सुटलं नव्हतं. त्याचं उत्तर वरच्या खोलीत होतं. तिथे खिडकीखाली पितळेचा गणपती होता आणि भावोजी त्याला कौल लावत. गावाकडे हे काम देवळात गुरव करतो. भावोजींनी ते बिनगुरवाचं घरी आणलं होतं. सुपरमार्केटमधल्या शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करायच्या, मूर्तीच्या छातीवर डावीउजवीकडे चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. घर घेऊ का? उजवी. मोटार शिकू का? उजवी. वरच्या जागेसाठी अर्ज करू का? पुन्हा उजवीच. दर वेळी ते पांढरेफटक होऊन खाली येत आणि ताईला म्हणत, "देव हो म्हणतोय. आता काय करणार!"

"अहो, हा जुगार नाही तर काय?" ताई म्हणे.

"जुगारी पुन्हा पुन्हा विचारतो. देवाला एकदाच विचारायचं असतं."

जुगाराला मात्र ते समुद्र, सीगल आणि गाढवं या सगळ्यांपेक्षा जास्त भीत. मंडळाच्या दिवाळीत कुणीतरी त्यांच्या खिशात रॅफलचं तिकीट सरकवलं आणि नेमका नंबर लागला. बक्षिसाची शाम्पूची बाटली छातीशी धरून ते घामाघूम उभे होते. पण या भीतीला मी कधी हसलो नाही. त्यांची एक पेशंट, मनगट प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातानं जुगाराच्या मशीनचं बटण दाबत बसलेली त्यांना रस्त्यावरून दिसली होती. "मी हाक मारली," ते म्हणाले, "नावानं मारली. तिनं मान वर केली नाही रे."

त्यामुळे गावात मोठा कॅसिनो यायची बोलणी सुरू झाली तेव्हा सगळे गेस्टहाउसवाले रंगरंगोटीला लागले आणि आमचे भावोजी झोपेनासे झाले. त्यात सईनं कॉलेजातला डीलरचा, म्हणजे कॅसिनोत पत्ते वाटण्याचा, कोर्स घेतला. ती जेवणाच्या टेबलावर पत्ते पिसायला लागली की हे ताट उचलून स्वयंपाकघरात जात. कॅसिनो येऊ नये म्हणून त्यांनी देवाला साकडं घातलं. देवानं ऐकलं. कॅसिनो इथे आला असता तर पोरगी घरात राहिली असती, हे त्यांच्या ध्यानात पेढे वाटून झाल्यावर आलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला साक्षीला वर नेलं. सईला जाऊ देऊ का? उजवी पडली. त्यांनी ती उचलली, ओली केली आणि परत चिकटवली. उजवीच पडली. पुन्हा चिकटवली.

दारातून सई म्हणाली, "बाबा, किती वेळा करणार तू? आमच्या टेबलवर पण लोक असाच करतात." मग जवळ येऊन, "आणि तो रेडिएटर बघ ना. राइटवाली पेटल नेहमी आधी ड्राय होते. हा टेबल रिग्ड आहे, आधीच फिक्स केलेला." एवढं बोलून ती खाली गेली.

भावोजी रेडिएटरकडे बघत राहिले. घर, मोटार, नोकरी. मग त्यांनी गणपती उचलला, जिन्याच्या माथ्यावर जिथे ऊब पोचत नसे तिथे ठेवला, नव्या पाकळ्या लावल्या आणि आम्ही वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं डावी पडली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खाली सईच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. भावोजींनी गणपती परत खिडकीखाली नेला, त्याची उजवी बाजू रेडिएटरला जवळजवळ टेकवली आणि रेडिएटरची खुंटी पूर्ण फिरवली. उजवी पाकळी लगेच पडली.

"सई," त्यांनी जिन्यावरून हाक मारली, "उजवी पडली गं. जा."

"पण भावोजी," मी हळूच म्हटलं, "बाहेर तर..."

"बाहेर देव गारठला होता रे. गारठलेला माणूस नाहीच म्हणतो."

तो कॅसिनो पुढे मँचेस्टरलाही झाला नाही. सई तिथे एका लहानशा कॅसिनोत पत्ते वाटायला लागली. भावोजी तिला रोज फोन करत आणि मनगटं दुखत नाहीत ना, एवढंच विचारत. कामाचं नाव काढत नसत.

भावोजी या हिवाळ्यात गेले. ताई सईकडे राहते. घर विकलं. गणपती माझ्याकडे आहे. त्याची उजवी बाजू रेडिएटरकडे आहे.